हमी आणि हुन्नर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की राजरस्त्याच्या डाव्या अंगाला, उसाच्या फडांच्या फटींतून आणि वेड्या बाभळींच्या जाळीतून, एक विस्तीर्ण पाणी मधूनमधून लकाकू लागते. ते उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी; आणि महसुली दप्तरात एक, दोन, तीन अशा क्रमांकांनी नोंदलेली जी गावे त्याच्या काठाला वसली आहेत, ती मौजे डाळज, तालुका इंदापूर. भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या यशवंतसागर नावाच्या जलाशयात नदीकाठची काळीभोर शिवारे, जुन्या गाडीवाटा, पाणवठे आणि देवळे यांच्यासह कित्येक गावठाणे बुडाली. एकशे सतरा टीएमसींच्या या साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात गणले जाते, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात पातळी त्याच्याही खाली उतरली म्हणजे शेजारच्या पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येऊन उभे राहते. हिवाळा सरत आला आणि कालव्यांना पाणी सुटू लागले की काठ दररोज थोडाथोडा मागे सरकतो, मागे मऊ गाळ राहतो. त्या गाळावर कोणी शेतकरी गाळपेर करतो आणि त्याच गाळात रोहित पक्षी आपली वाकडी चोच उलटी बुडवून सूक्ष्म जीव गाळून घेतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस, केशरी अंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या, हळदीकुंकू बदके, थापट्या, मोर शराटी, चित्रबलाक आणि कुरव यांची येथे अशी दाटी होते की सकाळी होडीत बसणाऱ्याला कोणत्या दिशेला पाहावे हा प्रश्न पडावा.

पाखरांमागोमाग माणसे आली आणि माणसांबरोबर कॅमेरे आले. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी आणि डाळज या काठच्या गावांतून, ज्यांच्या घरात मासेमारी हाच पिढीजात धंदा होता अशा कित्येकांच्या होड्या आज पहाटे जाळ्यांऐवजी छायाचित्रकारांना घेऊन पाण्यात लोटल्या जातात. आणि होडीच्या फळीवर मांडी घालून बसलेल्या माणसांच्या मांडीवर जी यंत्रे विसावलेली असतात त्यांच्यात एखाद्या लहान मोटारीच्या किमतीपासून एखाद्या साध्या मोबाइलच्या किमतीपर्यंत सर्व पायऱ्या आढळतात. गावातील शिकलेल्या तरुणांनाही आता या यंत्रांचे वेध लागले आहेत. कोणाला लग्नसराईत चार पैसे मिळवायचे आहेत, कोणाला पाखरांचाच लळा लागला आहे, आणि ज्याला त्याला एकच प्रश्न पडलेला असतो: व्यावसायिक म्हणवणारा मोठा कॅमेरा आणि नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा लहान कॅमेरा, या दोहोंत जे अंतर किमतीत दिसते ते चित्रातही तितकेच असते काय?

या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांनी दिले जाते आणि दोन्ही टोके मला अपुरी वाटतात. एक म्हणतो, यंत्र जितके भारी तितके चित्र भारी. दुसरा म्हणतो, यंत्राला काय करायचे आहे, खरी दृष्टी माणसाची. पहिल्याने माणसाचा अधिकार यंत्राच्या स्वाधीन केलेला असतो. दुसऱ्याने यंत्र घडवणाऱ्या शेकडो अभियंत्यांच्या श्रमाला कवडीमोल ठरवलेले असते. अंतर आहे, ते खरे आहे, आणि ते नेमके कोठे आहे हे दाखवूनही देता येते. सुदैवाने मला ही दोन्ही यंत्रे एकाच काठावर हाताळावयास मिळाली. एक माझ्या पुण्याच्या एका मित्राचे, ज्याचा चरितार्थच वन्यजीवांच्या छायाचित्रणावर चालतो. ते निकॉनचे झेड नाइन. दुसरे डाळजच्या एका शिक्षक स्नेह्याच्या मुलीचे, जी बारामतीच्या महाविद्यालयात शिकते आणि सुटीच्या दिवशी पहाटे पाण्यावर असते. ते त्याच कंपनीचे झेड फिफ्टी टू.

दोघांनाही ‘मिररलेस’ म्हणतात. १९५९ साली निकॉनचा ‘एफ’ बाजारात आला तेव्हापासून अर्धे शतक गंभीर छायाचित्रकाराच्या हाती जो कॅमेरा होता, त्यात भिंगामागे एक तिरपा आरसा असे. तो प्रकाश वर फेकी, वरचे बहुकोनी काचलोलक तो डोळ्यापर्यंत पोचवी, आणि कळ दाबताच आरसा फटकन वर उचलला जाऊन प्रकाश मागच्या फिल्मवर, पुढे सेन्सरवर, पडे. म्हणजे ज्या क्षणी चित्र उमटत असे नेमक्या त्याच क्षणी पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार असे. २००८ साली पॅनासोनिकने ‘जी वन’ काढला तेव्हा हा आरसाच हटवला गेला; सेन्सरला जे दिसते तेच एका चिमुकल्या पडद्यावर डोळ्याला दाखवायचे, अशी नवी तजवीज झाली. आरसा गेल्यामुळे भिंग सेन्सरच्या जवळ आणता आले. निकॉनच्या जुन्या बैठकीत भिंग बसण्याची कडा सेन्सरपासून साडेशेचाळीस मिलिमीटर दूर होती. २०१८ सालच्या नव्या ‘झेड’ बैठकीत ते अंतर सोळा मिलिमीटरवर आले आणि तिच्या तोंडाचा व्यास पंचावन्न मिलिमीटर झाला. मोठ्या आणि लहान कॅमेऱ्याची बैठक एकच असल्यामुळे जे भिंग एकाला बसते ते दुसऱ्यालाही बसते. म्हणूनच या दोन यंत्रांची तुलना न्याय्य रीतीने करता येते: भिंग तेच, होडी तीच, पाखरू तेच, प्रकाश तोच, बदलले ते केवळ मागचे यंत्र.

एका सकाळी आम्ही तसेच केले. गाळाच्या पट्टीवर रोहितांचा थवा दूर उभा होता. एकशे ऐंशी ते सहाशे मिलिमीटरचे भिंग आधी मोठ्या यंत्रावर चढवले, मग लहानावर, आणि एकाच पक्ष्याची चित्रे दोहोंनी घेतली. घरी येऊन, मोठ्या यंत्राच्या चित्रातून लहान यंत्राच्या चित्राएवढाच तुकडा कापून दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी मांडली, तेव्हा गुलाबी पिसांची किनार, चोचीचे काळे टोक, डोळ्याची पिवळी कडा यांत कोणते चित्र कोणत्या यंत्राचे हे सांगणे माझ्या मित्रालाही साधले नाही.

यात चमत्कार काही नाही. साधे अंकगणित आहे. मोठ्या यंत्राचा सेन्सर जुन्या फिल्मच्या आकाराचा, छत्तीस गुणिले चोवीस मिलिमीटर, आणि त्यावर साडेचार कोटींहून अधिक प्रकाशबिंदू. लहानाचा सेन्सर रुंदीला साडेतेवीस मिलिमीटर आणि त्यावर दोन कोटींहून थोडे अधिक. परंतु एका मिलिमीटरमध्ये किती बिंदू बसतात हे पाहू गेल्यास मोठ्यात सुमारे दोनशे तीस भरतात आणि लहानात किंचित अधिकच. दूरच्या पाखराची प्रतिमा दोन्ही सेन्सरांवर सारख्याच आकाराची पडते, कारण ती भिंग ठरवते. त्या प्रतिमेवर पडणारा प्रकाशही सारखाच, कारण तोही भिंगच गोळा करते. मोठ्या सेन्सरचा उरलेला भाग पाखराभोवतीच्या पाण्याचे आणि गाळाचे चित्र घेतो, जे पुढे कापूनच टाकायचे असते. पाखरू जवळ असेल आणि चौकट भरून उरत असेल, किंवा संध्याकाळच्या प्रकाशात सारा थवाच क्षितिजासकट टिपावयाचा असेल, तर मोठ्या सेन्सरचा लाभ पुरेपूर पदरात पडतो. सावल्यांतील बारकावे तो अधिक राखतो आणि मोठ्या छपाईला पुरून उरतो. पण उजनीवर बहुधा पाखरू दूर असते, आणि दूरच्या, स्थिर पाखरापुरती ही दोन यंत्रे चित्राच्या पोताच्या बाबतीत सख्खी भावंडे आहेत.

मग किमतीतील हे अंतर कशाचे? माझे उत्तर असे की ते काळाचे आहे. छायाचित्रणाचा इतिहास म्हणजे एका अर्थी काळाचे तुकडे अधिकाधिक बारीक करीत जाण्याचा इतिहास. १८५४ साली मुंबईत छायाचित्रण मंडळी स्थापन झाली त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर प्रतिमा उमटायला सेकंदांनी मोजावा असा वेळ लागे. देवळे, लेणी आणि खुर्चीत ताठ बसविलेले सरदार यांचीच चित्रे तेव्हा निघत, कारण तीच स्थिर राहात. उडणारे पाखरू त्या कलेच्या हद्दीबाहेरचे होते. १८८२ साली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने, पाखराचे पंख हवेत नेमके कसे हालतात याचा छडा लावण्यासाठी, बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. खांद्याला लावून घोडा दाबला की तो सेकंदाला बारा चित्रे घेई. आज डाळजच्या त्या मुलीच्या हातातील यंत्र आपल्या यांत्रिक पडद्याने, म्हणजे शटरने, सेकंदाला अकरा चित्रे घेते. अर्थात मारेच्या चिमुकल्या चित्रांशी आजच्या चित्रांची बरोबरी होणार नाही. परंतु गतीच्या मापाने पाहिले तर नवशिक्यांचे म्हणून जे यंत्र आज विकले जाते ते, पाखरांच्या उड्डाणाचे शास्त्र ज्याने उभे केले त्या माणसाच्या साधनापाशी येऊन पोचलेले आहे, ही गोष्ट लहान यंत्राकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

मोठे यंत्र याच्याही पुढे जाते आणि ते कसे जाते हे समजून घेण्यासारखे आहे. झेड नाइनच्या सेन्सरमध्ये प्रकाशबिंदूंच्या थराखाली त्यांची मोजदाद करणाऱ्या मंडलांचा आणि जलद स्मृतीचा थर रचलेला आहे. त्यामुळे सारा सेन्सर सेकंदाच्या सुमारे दोनशे सत्तराव्या भागात वाचून होतो. हा वेग इतका आहे की या यंत्रात यांत्रिक पडदा ठेवण्याची गरजच उरली नाही. तो २०२१ साली निकॉनने काढूनच टाकला. कच्च्या स्वरूपातील पूर्ण आकाराची वीस चित्रे ते एका सेकंदात घेते, तीही निःशब्दपणे, आणि घेत असताना डोळ्यापुढील दृश्य क्षणभरही खंडित होत नाही. लहान यंत्राचा सेन्सर एकाच थराचा आहे. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचण्यास कित्येक पट अधिक वेळ घेतो. त्या अवधीत पाखराचा पंख खाली आलेला असतो, आणि निःशब्द पद्धतीने चित्र घेतले तर तोच पंख चित्रात कमानीसारखा वाकलेला उमटतो. हे टाळण्यासाठी यांत्रिक पडदा वापरावा लागतो, आणि तो वापरला की दोन चित्रांच्या मध्ये डोळ्यापुढील दृश्य तुटते.

हे तुटणे किती महाग पडते ते एका सकाळी दिसले. पाण्यात रोवलेल्या एका बांबूवर कैकर बसला होता. मासळीवर जगणारा हा शिकारी पक्षी थंडीत येथे येतो. त्याच्या डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली गडद पट्टी दुरूनही ओळखू येते. होडी वल्हवणारे मामा वल्हे आडवे धरून म्हणाले, “ताई, शेपूट हालवलंय त्यानं. आता झेपतोय बघा.” पक्षी उठला, पाण्यावर थोडा वेळ पंख मारीत एकाच जागी तरंगला, मग पंख मिटून खाली कोसळला, अगदी शेवटच्या क्षणी पाय पुढे काढून तो पाण्यात शिरला, छातीपर्यंत बुडाला, जोराने पंख मारीत वर आला, हवेतच कुत्र्याने अंग झटकावे तसे सारे अंग झटकले, आणि पायांतली चिलापी फिरवून तिचे डोके पुढच्या बाजूला करून नदीपार निघून गेला. हे सारे घडायला जो वेळ लागला तो वाचायला लागणाऱ्या वेळाहून पुष्कळ थोडा होता.

माझ्या मित्राच्या यंत्राने तो पक्षी उठला तेव्हा त्याचा डोळा पकडला आणि तो नाहीसा होईपर्यंत सोडला नाही. नखे पाण्याला टेकण्याआधीचे, टेकतानाचे आणि टेकल्यानंतरचे, अशी तिन्ही चित्रे ओळीने त्याच्या कार्डावर उमटली. मुलीच्या यंत्रानेही डोळा पकडला होता, कारण पाखराचा डोळा ओळखणारी विद्या आता लहान यंत्रालाही आहे. परंतु कोसळत्या पक्ष्याबरोबर भिंग खाली आणताना मधले दृश्य तुटत गेले, एका तुटीत पक्षी चौकटीबाहेर गेला, आणि पाण्याला नखे टेकण्याचा तो निमिष तिच्या हातून निसटला. तिच्याकडे उरले ते अंग झटकतानाचे चित्र: मान एकीकडे, धड दुसरीकडे वळलेले, आणि भोवती पाण्याच्या थेंबांचे एक पूर्ण वर्तुळ. ते चित्र सुंदर होते. मित्राला मात्र त्या दिवशी पाण्याला टेकणारी नखेच हवी होती, कारण ज्याने त्याला काम दिले होते त्याने तीच मागितली होती. आणि ती त्याला मिळाली.

येथे मला दोन्ही यंत्रांचा धर्म उलगडला असे वाटते. व्यावसायिक यंत्र ज्या गोष्टीची किंमत घेते ती गोष्ट म्हणजे हमी. त्याचे प्रत्येक अंग या हमीच्या सेवेला जुंपलेले आहे. त्याचे धातूचे कवच धूळ आणि तुषार सहन करते. त्याची मोठी बॅटरी पहाटेपासून दुपारपर्यंत बदलावी लागत नाही, तर लहान यंत्राची बॅटरी प्रमाणित मोजणीत अडीचशे चित्रांच्या आसपास संपते आणि खिशात दुसरी ठेवावीच लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात कार्डाच्या दोन खाचा आहेत. जुन्या कचेऱ्यांतून अस्सल कागदाबरोबर त्याची नक्कल वेगळ्या दप्तरात ठेवण्याचा जो रिवाज होता, तोच येथे चालतो. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर तेच चित्र शाबूत राहते. पाखरे टिपणाऱ्या हौशी माणसाला याचे महत्त्व चटकन पटत नाही. पण इंदापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात लग्न टिपणाऱ्याला विचारावे. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. तो टिपला गेला नाही किंवा टिपून कार्डाबरोबर नष्ट झाला, तर दोन कुटुंबांपुढे उभे राहून तो माणूस काय सांगणार? ज्याला दुसऱ्यापुढे जाब द्यावयाचा आहे त्याच्या दृष्टीने दुसरी खाच ही चैन राहात नाही, ती त्याच्या शब्दाची जामीन होते.

लहान यंत्राचा धर्म वेगळा आहे. ते हमी देत नाही. ते हुन्नर मागते. डोळ्यापुढील दृश्य तुटणार हे ठाऊक असल्यामुळे पक्षी कोठे जाईल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. हा अंदाज बांधण्याची विद्या यंत्राच्या माहितीपुस्तकात नसते. ती काठावर असते. होडीवाल्या मामांना ती आहे. रोहितांचा थवा चरत असताना माना खाली असतात, एखाद्याने मान वर केली तर मामा हरकत घेत नाहीत, परंतु माना एकामागून एक वर होऊ लागल्या, पक्षी एकमेकांजवळ सरकले आणि सारे एकाच दिशेला चालू लागले की ते होडी तेथेच थांबवतात आणि म्हणतात, “आता उठत्यात. पुढं जायचं न्हाई.” रोहिताला उडण्यापूर्वी पाण्यावरून धावावे लागते आणि ते तो बहुधा वाऱ्याच्या तोंडाला धावतो, तेव्हा वारा कोणत्या बाजूचा आहे हे गालावर ओळखणाऱ्याला थवा कोठून कोठे जाईल हे आधीच कळते. त्या मुलीने हे सारे मामांकडून उचलले आहे. तिच्या यंत्राची मर्यादा तिला पाखराच्या अधिक जवळ घेऊन गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

याचा अर्थ मर्यादा हीच गुणवत्ता, असे मात्र कोणी समजू नये. गरिबीची थोरवी गाणे सोपे असते आणि ते बहुधा गरीब नसलेल्यांकडूनच गायले जाते. लहान यंत्राची उणीव ही उणीवच आहे, आणि ती भरून निघत असेल तर ते स्वागतार्हच होय. आणि ती भरून निघते आहे. २०२१ साली जो गणनचिप केवळ सर्वांत महाग यंत्रात होता, त्याच पिढीचा चिप तीन वर्षांनी, २०२४ च्या अखेरीस आलेल्या या लहान यंत्रात बसला. पाखरू, विमान, माणूस, प्राणी यांना वेगवेगळे ओळखणारी दृष्टी त्याबरोबर आली. कळ अर्धी दाबून ठेवली असता यंत्र आतल्या आत चित्रे साठवीत राहते आणि पुरती दाबल्यावर त्याच्या आधीच्या क्षणाचीही चित्रे देते, ही सोयदेखील आली. जे एकेकाळी सरंजामदाराच्या वाड्यातच असे ते काही वर्षांत बाजारपेठेत येते, हा यंत्रयुगाचा एक उदार नियम आहे. गतीच्या बाबतीत न आलेली गोष्ट मुख्यतः एकच, तो थर रचलेला जलद सेन्सर. त्याचे उत्पादन अजून महाग पडते.

किमतीची मोजणी डाळजच्या मापाने करून पाहावी. या भागात सारा हिशेब उसात होतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर भाव मूळ उताऱ्याला टनामागे तीन हजार चारशे रुपये होता. त्या हिशेबाने तेव्हा लहान यंत्राच्या बॉडीला वीस-पंचवीस टन ऊस पडत होता आणि मोठ्याच्या बॉडीला सव्वाशे-दीडशे टन. खत, पाणी, बेणे आणि मजुरी वजा केल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन आकड्यांमधील दरी विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पहिला खर्च एखाद्या कुटुंबाने मुलीच्या हौसेसाठी एका हंगामात सोसावा इतका असतो. दुसरा कर्जाशिवाय होत नाही, आणि कर्ज काढले की कॅमेऱ्याने कमाई केलीच पाहिजे. म्हणजे मोठे यंत्र घेताक्षणीच माणूस व्यावसायिक होतो, मग त्याची इच्छा असो वा नसो.

या सक्तीचा एक दुष्परिणाम काठावर दिसतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. सेकंदाला वीस चित्रे घेणारे यंत्र हाती असले की बसलेल्या थव्यात मन रमेनासे होते. उड्डाण हवे असते, आणि थवा आपणहून उठत नसेल तर तो उठवावा असा मोह होतो. होडी थव्यात घालण्याचा आग्रह होडीवाल्यांना होतो, जादा पैसे देऊ केले जातात. रोहित दूरवरून येथे केवळ चरण्यासाठी आलेला असतो. प्रत्येक विनाकारण उड्डाण म्हणजे त्याच्या गाठीच्या शक्तीतून केलेली वजाबाकी. काठावरचे जाणते होडीवाले या आग्रहाला नकार देतात, आणि तो नकार देताना ते त्या दिवसाच्या मिळकतीचा धोका पत्करतात. यंत्राची गती वाढली म्हणून पाखरावरचा आपला हक्क वाढत नाही. उलट मोठ्या यंत्राची निःशब्दता आणि लांब पल्ल्याचे भिंग यांमुळे आता दूर थांबण्याची सबबही मिळाली आहे आणि सोयही. तिचा उपयोग न करणाऱ्याने महाग यंत्र बाळगून काय मिळविले?

लहान यंत्रांचे आणखी एक कार्य मला फार मोलाचे वाटते. मित्राचे चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर जाईल आणि जावेही. पण त्या मुलीकडे या काठाची वर्षभराची चित्रे आहेत, तारीखवार: पट्टकदंब पहिल्यांदा कधी उतरले, गाळाची कोणती पट्टी कधी उघडी पडली, नदी सुरयांनी बेटावर अंडी कधी घातली आणि वाढत्या पाण्यात ती कधी गेली. यांतले एकही चित्र कोणी भिंतीवर लावणार नाही. तरी वीस-पंचवीस वर्षांनी उजनीच्या पाखरांचे काय झाले असे कोणी विचारील तेव्हा पुरावा म्हणून हीच चित्रे पुढे येतील. पाहुणा छायाचित्रकार मोसमात येतो आणि जातो. काठावर राहणाऱ्याला पाणी बाराही महिने दिसते. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून पाखरांची मराठी नावे एका ठिकाणी आणली. त्या नावांपुढे स्थळ आणि काळ यांची नोंद भरण्याचे काम गावोगावच्या अशा डोळ्यांचे आहे. ज्या गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्या गावांच्या मुलांनी या पाण्याची बखर लिहावी, यात एक न्यायही आहे. त्यासाठी सेकंदाला वीस चित्रे लागत नाहीत. रोज हाताशी राहील, वजनाने जड वाटणार नाही आणि बिघडले तर घर बुडणार नाही, असे यंत्र लागते. बॅटरी-कार्डासह साडेपाचशे ग्रॅमचे लहान यंत्र पिशवीत टाकून ती मुलगी शेतावर जाते. तेराशे चाळीस ग्रॅमचे मोठे यंत्र आणि त्यावरचे लांब पल्ल्याचे जड भिंग घेऊन कोणी शेतावर जात नाही.

तेव्हा मला कोणी विचारले तर मी असे सांगेन. ज्याचे चित्र दुसऱ्या कोणाला देणे आहे, ज्याने आगाऊ रक्कम घेतली आहे, ज्याच्यापुढे क्षण एकदाच येणार आहे, त्याने हमीची किंमत मोजावी आणि मोजताना कुरकुर करू नये. ते त्याच्या धंद्याचे भांडवल आहे. ज्याचे देणे केवळ स्वतःच्या कुतूहलाचे आहे त्याने लहान यंत्र घ्यावे, उरलेल्या पैशांत जमेल तितके चांगले भिंग घ्यावे, कारण चित्राचा पोत मुख्यतः तेथेच ठरतो आणि बॉडी बदलली तरी भिंग मागे राहते. आणि एकाच काठावर वर्षानुवर्षे जात राहावे. त्या मुलीने मागे मला विचारले, “काका, मोठा कॅमेरा मी कधी घ्यावा?” मी तिला म्हणालो: चित्र बिघडले म्हणून घेऊ नकोस, दुसऱ्याचे चित्र पाहून घेऊ नकोस. पाखरू काय करणार हे तुला आधी कळले होते, वारा आणि ऊन तू ओळखले होतेस, भिंग योग्य दिशेला होते, बोट वेळेवर दाबले गेले होते, आणि तरीही ते चित्र केवळ यंत्र अपुरे पडल्यामुळे गेले, असे जेव्हा तू एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा खात्रीने सांगू शकशील, तेव्हा घे. त्या दिवशी ती किंमत तुला महाग वाटणार नाही.